काचेच्या आतली वाफ

१

रोज सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप उघडलं की सतीश ओव्हाळसर आधी पंप चालू करत आणि मगच खिडक्या उघडत. पंप म्हणजे जुनं धूड होतं. सुरू होताना दम्याच्या म्हाताऱ्यासारखं खोकायचं, मग एका लयीत घोरत पडायचं. घोरण्याचा सूर लागला की सर कँटीनला चहा सांगत. बीडच्या त्या कॉलेजात फिजिक्स विभागाची सकाळ अशी होत असे, आणि सरांना ती फार आवडे.

पंप जोडलेला होता एका स्टीलच्या आडव्या टाकीला. आत म्हैस बसेल एवढी टाकी, आणि पुढच्या अंगाला ताटाएवढी गोल, जाड काच. तळाशी तांबडा मुरूम पसरलेला. टाकीतली हवा ओढून काढायची, तिच्या जागी चिमूटभर कर्बवायू सोडायचा, की आत मंगळावरची हवा तयार. मंगळावर सगळा कर्बवायूच, आणि तोही इतका विरळ की आपल्या हवेच्या शंभराव्या हिश्शालाही पुरत नाही. तिथे पाणी पाणी म्हणून राहतच नाही. बर्फाची थेट वाफ होते आणि वाफ निघून जाते. सरांनी अनुदानासाठी चपला झिजवून ही टाकी उभी केली होती. मराठवाड्यात अशी दुसरी नव्हती, निदान मुलाखतीत ते तसं सांगत.

त्या शनिवारी पंपाचा सूर लागला, दाबाचा काटा खाली आला, चहा आला. कप हातात घेऊन सर काचेपाशी गेले. काचेवर वाफ धरली होती. तळहाताएवढा एकच पांढुरका डाग.

सरांनी रुमालाने काच पुसली. डाग गेला नाही. दुसऱ्यांदा पुसली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, तो आतून होता.

पंपाचं तेल उडालं असेल, हे त्यांच्या मनात पहिलं आलं. मग वाटलं, रबराची कडी कुठेतरी गळते आहे. पण काटा हलत नव्हता, आणि मुरूम तर भट्टीत वाळवून भरलेला. सर वाकून बघत असताना डाग कडेकडेने आटत गेला आणि काच स्वच्छ झाली. मग तिथेच, मधोमध, पुन्हा धरला. आटला. धरला. चहावर साय आली तरी सर तसेच वाकून उभे होते. आपण नकळत त्याच्या जोडीने श्वास घेतो आहोत हे कळल्यावर ते चटकन मागे सरले आणि पंप बंद करून वर्गावर निघून गेले.

२

टाकी महिनाभर चालू होती, पण तिचं रीतसर उद्घाटन गेल्या आठवड्यात झालं होतं, आणि त्या दिवसाची आठवण झाली की सरांच्या कानाच्या पाळ्या गरम होत.

टाकीतला मुरूम आणला होता त्यांच्या वडिलांनी. जालिंदर ओव्हाळ आयुष्यभर विहिरी खोदत आणि गाळ काढत आला. मांजरसुंब्याच्या घाटाखालच्या त्यांच्या वस्तीजवळ एक कोरडी विहीर आहे. काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये तिच्या तळाला गेरूसारखा तांबडा थर लागतो. मंगळाच्या मातीशी मेळ खाणारी माती म्हणून सरांना नेमकी तीच हवी होती. जालिंदरने एक पोतं महिन्यापूर्वीच एसटीने पाठवलं होतं; आता दुसरं भरलं, एसटीच्या टपावर टाकलं आणि उद्घाटनाच्या ऐन वेळी ते खांद्यावर घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. गुडघ्यापर्यंत पायजमा, पायांना तांबडी माती, गळ्यात गमजा.

गोची अशी होती की सरांनी कॉलेजात वडिलांबद्दल वेगळंच सांगून ठेवलं होतं. पाटबंधारे खात्यात होते, आता रिटायर झालेत. नोकरीच्या पहिल्या वर्षी कुणीतरी सहज विचारलं, सरांच्या तोंडून सहज निघालं, आणि मग ते चिकटलं. सरांना जातीची लाज नव्हती. जयंतीला सगळ्यात खणखणीत भाषण त्यांचंच व्हायचं. लाज वाटली ती त्या पायांवरच्या मातीची, आणि अशी लाज वाटावी याची तर त्याहून जास्त.

संभाजीनगरहून आलेल्या पाहुण्यांनी पोत्याकडे बघून विचारलं, "हे कोण?"

"माती आणून देणारे आहेत," सर म्हणाले. "आमच्या गावाकडचे."

जालिंदरने पोतं खाली ठेवलं. मुलाकडे बघितलंसुद्धा नाही. पाहुण्यांना हात जोडून म्हणाला, "व्हय साहेब. माती आणून देतो."

विभागप्रमुख विजयमाला मॅडम मोठ्या मनाची बाई. "काका, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही हं," म्हणत त्यांनी त्याच्या हातात कप दिला. चहा पिऊन झाल्यावर जालिंदर काचेपाशी गेला. आपण आणलेली माती आत कशी दिसते ते त्याने वाकून बघितलं. काचेवर कुणाच्यातरी बोटांचे ठसे होते. त्याने तोंडाने 'हाऽ' करून काचेवर वाफ धरली, गमज्याने लख्ख पुसली, आणि कुणाला न सांगता निघून गेला.

संध्याकाळी सरांनी फोन केला. माफी मागायची म्हणूनच केला होता. पण तिकडून "बोला" आल्यावर जीभ अडली, आणि ते बोलले एवढंच की सोमवारी तपासणी समिती येतेय, अजून एक पोतं लागेल.

३

शनिवारी दुपारी आईचा, भिमाबाईचा फोन आला. सर तेव्हा स्टाफरूममध्ये डबा खात होते. ते उठून व्हरांड्यात गेले. घरचं बोलणं ते व्हरांड्यातच बोलत.

"तुज्या बाला काय झालंय बग की रं," ती म्हणाली. "काल हिरीत उतरलं तुज्या मातीसाटी."

"कंदील सोडलता का आधी?" सरांनी घाईने विचारलं. कोरड्या विहिरीच्या तळाला जड हवा साचते. वस्तीतलं शेंबडं पोरही आधी कंदील सोडून बघितल्याशिवाय कुणाला उतरू देत नाही.

"सोडलता. तळापातूर चांगला जळत होता. हवेचं काय न्हाई. आरं, मी हाक मारत होते. ते ओ देईनात."

विहिरीत उतरलेल्या माणसाला वरच्याने हाक मारत राहायची आणि खालच्याने ओ द्यायची, हा तिथला रिवाज. ओ आली नाही की दोर ओढायचा. भिमाबाई नवऱ्याचं नाव घेत नसे. सतीश जन्मला त्या वर्षापासून ती काठावर बसून एकच हाक मारत आली होती, सतीशचे बाऽऽ. आणि खालून ओ यायची. तिचा सगळा संसार त्या ओवर चालला होता.

"मग?"

"मग काय, दोर वढला. तर चांगलं धडधाकट वर आलं. म्या म्हनलं, ओ कावून दिली न्हाई? तर म्हनलं, मला कुठं हाक मारलीस? कुनाला तरी दुसऱ्याला मारत होतीस."

सर हसले. हसणं त्यांच्या त्यांनाच खोटं वाटलं. "वय झालं माय. कान गेले असतील."

"कान न्हाई गेले," भिमाबाई म्हणाली. मग तिने थेट विचारलं, "तिथं कालिजात काय झालं सतीश?"

"काही नाही," सर म्हणाले. डब्याला परत येऊन त्यांनी उरलेली भाजी कागदात गुंडाळून टाकून दिली.

४

रविवारी संध्याकाळी ते वस्तीवर पोचले. दोन खोल्यांचं घर. समोरच्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली फळीवर मेणबत्ती. जालिंदर बाहेर पोत्याचं तोंड शिवत बसला होता. हात नेहमीसारखे सफाईने चालले होते. सरांना पाहून तो उठून उभा राहिला.

"या सर. माती भरून ठेवलीय."

सरांना वाटलं, टोमणा आहे. टोमणा असता तर किती बरं झालं असतं. पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खोच नव्हती, काहीच नव्हतं. परक्या साहेबाशी बोलताना माणूस जेवढं हसतो तेवढंच तो हसला.

"अवं, पोराला सर कावून म्हनताव?" भिमाबाई म्हणाली.

"मग काय म्हनू?" जालिंदरने खरंच विचारलं.

वंदनेची वेळ झाली. भिमाबाईने मेणबत्ती लावली. ज्योत चांगली उभी राहिली. जालिंदर आत येऊन नेहमीच्या जागी बसला, आणि ज्योत खाली खाली गेली, निळी झाली, विझली. भिमाबाईने दुसरी काडी ओढली. काडी पेटली, मेणबत्तीपर्यंत पोचायच्या आत विझली. दार बंद होतं. वारा नव्हता. तिसरी काडी तिने ओढलीच नाही, नुसती हातात धरून बसली.

"मी भायेर बसतो," जालिंदर समजूतदारपणे म्हणाला. "लावा तुमी." तो बाहेर गेला आणि मेणबत्ती पहिल्या काडीला लागली.

सरांनी डोकं चालवून बघितलं. कपड्यांत विहिरीतली जड हवा अडकून राहील का? तासभर राहणार नाही, दोन दिवस तर सोडाच. मेणबत्ती दमट असेल का? मग आता कशी जळते? ते ज्योतीकडे बघत राहिले. वंदनेचे शब्द आई एकटीच म्हणत होती.

ते उठून बाहेर गेले. जालिंदर अंधूक उजेडात पाठमोरा बसला होता, बोटांत न पेटवलेली बिडी. सरांनी कितीतरी वर्षांनी ती हाक मारली. "बा."

जालिंदरने मान वळवली. सरांकडे बघितलं, मग सरांच्या मागे बघितलं, कुणाला हाक मारली ते शोधत. मागे कुणीच नव्हतं, म्हणून त्याने पुन्हा मान वळवून घेतली.

दारात उभी असलेली भिमाबाई हे बघत होती. "हितं हाक मारून काय उपेग," ती हळूच म्हणाली. "जिथं न्हाई म्हनलास तिथं मार." तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. सरांनी मान खाली घातली.

५

सोमवारी सकाळी थंडी कडाक्याची होती. "पुढे बसा," सर म्हणाले, पण जालिंदर पोतं घेऊन गाडीच्या मागच्या सीटवर बसला. "असू द्या सर. सीट खराब हुईल." घाट चढताना सरांच्या श्वासाने पुढची काच सारखी धुरकट होत होती, आणि ते ती पुन्हा पुन्हा पुसत होते. मांजरसुंब्याच्या चौकात गाडी थांबली तेव्हा त्यांनी आरशात बघितलं. मागच्या तिन्ही काचा कोरड्या, स्वच्छ होत्या. त्यातून ढाब्यांच्या पाट्या वाचता येत होत्या. पुढचा सगळा रस्ता त्यांनी आरशात बघायचं टाळलं.

कॉलेजात समिती वेळेआधीच आली होती. मॅडमनी प्रयोगशाळेत टेबलावर समई लावून ठेवली होती. पंप कुणीतरी आधीच चालू केला होता आणि तो घोरत होता. सर आधी काचेकडे गेले.

वाफ होती. पण शनिवारी तळहाताएवढी होती ती आता रुपयाएवढी झाली होती. धरायची, आटायची, आणि पुन्हा धरायला आता फार वेळ घेत होती. आत जे काही होतं ते पंप थोडं थोडं ओढून बाहेर टाकत होता. बाजूला लाल झडप होती. एक फेरा दिला की खोलीतली हवा आत शिरली असती, पंपाचं ओढणं थांबलं असतं. महिन्याभराचा प्रयोगही तिथेच संपला असता, समितीच्या डोळ्यांदेखत. सरांनी झडपेवर हात ठेवला. "सुरू करायचं ना सर?" मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी हात काढून घेतला.

सर बोलायला लागले. बोलण्यात ते पटाईत होते. "मंगळावर एकेकाळी जाड हवा होती. नद्या वाहत होत्या, तळी होती. मग ग्रहाचं पोट थंड झालं, भोवतीचं चुंबकीय कवच गेलं, आणि सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्याने ती हवा वरून काढून नेली. एका दिवसात नाही. रोज थोडी. कुणी तिथे असतं तरी लक्षात आलं नसतं." इथे ते थांबले. त्यांनी पाणी प्यायलं. "आज तिथे नद्यांची पात्रं आहेत, पाणी नाही. हवा इतकी विरळ की आवाजसुद्धा धड पोचत नाही. तुम्ही शेजारी उभं राहून ओरडलात तरी मला कुजबुज ऐकू येईल."

"आणि कुजबुजलो तर?" समितीतल्या एकाने गमतीने विचारलं. सगळे हसले.

तेवढ्यात जालिंदर पोतं घेऊन आत आला. टेबलाजवळून जाताना समईच्या ज्योती खाली बसल्या आणि एकामागून एक विझल्या. "पंखा बंद करा रे," कुणीतरी म्हणालं. पंखा बंदच होता. जालिंदर टाकीपाशी येऊन, पोतं खांद्यावर तसंच घेऊन, सरांच्या शेजारी उभा राहिला.

आतली वाफ धरली. त्या दिवशी जालिंदरने वाकून 'हाऽ' केलं होतं, बरोबर त्याच जागी होती. शनिवारीच हे कसं लक्षात आलं नाही? सर जवळ सरकले. वाफेच्या मधोमध काहीतरी काळसर हललं. कोरडे, चिरा पडलेले ओठ, काचेला अगदी लागून. क्षणभर दिसले आणि वाफेमागे गेले. ते बोलत नव्हते. किंचित उघडे होते. वरून हाक येईल म्हणून विहिरीच्या तळाला तोंड वर करून उभ्या राहिलेल्या माणसाचे असतात तसे.

आता हाक मारायची होती. सरांना ते पुरतं कळलं होतं, कुठलंही कारण आता आड नव्हतं. छाती भरून, काठावरून मारतात तशी, या सगळ्यांच्या समोर. त्यांनी श्वास घेतला. मॅडम बघत होत्या. समिती बघत होती. सर काचेवर वाकले, तोंडाला हात आडवा लावला, आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "बा."

वाफ आटायची थांबली. ती तशीच राहिली, वाट बघत.

"सर, काचेवर हे काय दिसतंय हो?" मागून कुणीतरी विचारलं.

"पंपाचं तेल आहे," सर वळून, हसून म्हणाले. इतक्या वर्षांची सवय. पुन्हा काचेकडे बघितलं तेव्हा काच स्वच्छ होती. तांबडी माती सगळीकडून स्पष्ट दिसत होती.

सरांनी लाल झडप धरली आणि फिरवली. पूर्ण फिरवली. हवा किंचाळत आत शिरली, माती उडाली, काटा सरसर वर चढला, मॅडम ओरडल्या. "बा!" सर ओरडले, "बा!" काचेवर दोन्ही हात आपटत, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. माती हळूहळू खाली बसली. त्यांनी कितीतरी वेळ वाट बघितली. काचेवर काहीही धरलं नाही.

६

 पंप अजून घोरत होता. समितीतल्या वयस्कर गृहस्थांनी खाकरून विचारलं, "प्राध्यापक, काय चाललंय हे? आणि हे गृहस्थ कोण?"

सरांचे हात अजून काचेवर होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माझे वडील आहेत," ते म्हणाले. मोठ्याने म्हणाले. "जालिंदर ओव्हाळ. विहिरी खोदतात. ते माझे वडील आहेत."

जालिंदरने पोतं खाली ठेवलं. समितीला हात जोडले.

"न्हाई साहेब," तो नम्रपणे म्हणाला. "सरांचा कायतरी गैरसमज झालाय. मी माती आणून देतो."

मग त्याचं काचेकडे लक्ष गेलं. सरांच्या हातांचे ठसे तिच्यावर उमटले होते. तो वाकला, तोंड काचेजवळ नेऊन त्याने 'हाऽ' केलं. काच कोरडीच राहिली. त्याने पुन्हा केलं, आणि मग गळ्यातला गमजा काढून ती नीट पुसायला लागला.